शपथेवाचून सत्य

माणसाने कसे बोलावे याविषयी ख्रिस्ती धर्मग्रंथात जो उपदेश ठिकठिकाणी विखुरलेला आहे, त्यातील बराचसा भाग कोणत्याही देशातील सज्जनाला ऐकताक्षणीच पटावा असा आहे. सौम्य उत्तराने क्रोध निवळतो आणि कठोर शब्दाने भडकतो, असे नीतिसूत्रांचा कर्ता सांगतो; चहाड्या करीत लोकांमध्ये हिंडू नये, ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे; ऐकणाराचे हित होईल असेच बोलावे, कुजके भाषण मुखावाटे निघू देऊ नये, असे पौल इफिस येथील मंडळीला लिहितो; आणि याकोब जिभेचे सामर्थ्य वर्णिताना घोड्याच्या तोंडातील लगाम, मोठे तारू वळवणारे लहानसे सुकाणू आणि सबंध रान पेटवणारी ठिणगी असे दृष्टान्त एकापाठोपाठ एक देतो. आपल्या संतांनीही वाणीच्या संयमाविषयी पुष्कळ सांगितले असल्यामुळे मराठी वाचकाला यात अपरिचित असे काही वाटणार नाही. मृदु आणि निष्कपट भाषणाच्या या उपदेशाने कोणा राजाचे सिंहासन कधी डळमळले नाही. परंतु त्याच ग्रंथात, मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनाच्या ओघात वाणीविषयीच एक आज्ञा अशी आली आहे की, जे जे लोक ती अक्षरशः पाळू गेले त्यांना तुरुंग, दंड आणि मिळकतीची जप्ती यांना तोंड द्यावे लागले. आणि त्यांनी सोसलेल्या हालांचे फळ आज आपल्या देशातील प्रत्येक न्यायालयात, बहुधा कोणाच्या लक्षातही न येता, उपभोगले जात आहे.

ती आज्ञा शपथेविषयीची आहे. खोटी शपथ वाहू नये आणि वाहिलेली शपथ खरी करावी, एवढेच जुन्या करारातील नियमशास्त्राचे मागणे होते. येशूने त्याच्या पुढे जाऊन शपथ मुळीच वाहू नये असे सांगितले. आकाशाची नको, कारण ते देवाचे आसन. पृथ्वीची नको, कारण ती त्याचे पादासन. यरुशलेमेची नको आणि स्वतःच्या मस्तकाचीही नको, कारण त्यावरचा एक केस काळा किंवा पांढरा करणे माणसाच्या हाती नाही. माणसाचा होकार हा होकार असावा आणि नकार हा नकार. त्याहून जे अधिक, त्याचा उगम वाईटात आहे, असा त्याचा अभिप्राय. आपल्याकडे पोरेसोरे गळ्याची शपथ घालतात, मोठी माणसे मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बोलतात आणि ‘आईशप्पथ’ हा शब्द तर उठताबसता तोंडात असतो. तेव्हा कोणत्या प्रवृत्तीवर हे बोट ठेवले आहे ते समजावयास आपल्याला टीकाकाराची गरज पडू नये. जो मनुष्य शपथेवर सांगतो ते खरे मानावयाचे, त्याने शपथेवाचून सांगितलेले काय मानावयाचे? शपथ म्हटली की सत्याच्या दोन प्रती झाल्या, एक सणावारी वापरण्याची आणि एक नित्याची. आणि नित्याची प्रत हलकी असली तरी चालते, अशी कबुली तिच्यात आपोआप येते. याकोबाच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात हीच आज्ञा जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा आली आहे, यावरून पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोकांना ती किती महत्त्वाची वाटत होती हे दिसते.

पुढे ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला आणि राज्य तर शपथेवाचून चालत नाही. मांडलिकाची निष्ठा, साक्षीदाराची जबानी आणि धर्मगुरूची दीक्षा ही सारीच शपथेवर उभी असल्यामुळे शास्त्रपंडितांनी या आज्ञेला मुरड घातली. येशूचा निषेध उथळ आणि नाहक शपथांना आहे, अधिकाऱ्याने मागितलेल्या गंभीर शपथेला नाही, असा अर्थ त्यांनी लावला. आणि पौल स्वतःच आपल्या पत्रांत देवाला साक्षी ठेवून बोलतो, या त्यांच्या पुराव्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. इंग्लंडच्या चर्चने आपली जी एकोणचाळीस कलमे ठरवली, त्यांतील अगदी शेवटचे कलम न्यायाधिकाऱ्यापुढे शपथ घेण्याची मुभा देण्यासाठीच घातलेले आहे. तरीसुद्धा आज्ञेचा सरळ अर्थ घेणारे लोक अधूनमधून निपजतच राहिले. मध्ययुगात वाल्डेन्सियन पंथाने शपथ नाकारली. 1527 मध्ये श्लाइटहाइम येथे स्विस ॲनाबॅप्टिस्टांनी जी सात कलमे मान्य केली त्यांतील सातवे शपथेच्या त्यागाचे होते. परंतु हा प्रश्न एका मोठ्या राज्याच्या कायद्याशी भिडवून, त्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकून, अखेर कायदाच बदलून घेण्याचे काम ज्यांच्या हातून झाले ते इंग्लंडातील ‘मित्रमंडळा’चे लोक, म्हणजे ज्यांना जग क्वेकर या नावाने ओळखते ते होत.

लेस्टरशरमधील एका विणकराचा मुलगा जॉर्ज फॉक्स याने 1652 च्या सुमारास उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ मुलुखात हा पंथ उभा केला. अल्व्हर्स्टनजवळील स्वार्थमूर हॉल हे न्यायाधीश टॉमस फेल यांचे घर त्याचे माहेरघर बनले. फेल स्वतः कधी क्वेकर झाले नाहीत, पण त्यांची पत्नी मार्गारेट झाली, आणि 1658 मध्ये पती वारल्यावर त्या घराची व त्या पंथाची धुरा तिने वाहिली. धर्मोपदेशक, विधी, संस्कार यांपैकी काहीही न मानता लोकांनी स्तब्ध बसावे आणि अंतरातील प्रकाशाने ज्याला प्रेरणा होईल त्यानेच बोलावे, अशी त्यांची उपासना. जेथे उपासनेतदेखील शब्द इतका जपून वापरला जातो, तेथे बाजारात आणि कचेरीत तो सैल सोडणे शक्यच नव्हते.

शपथेशी त्यांची गाठ कशी पडली हे समजण्यासाठी त्या काळच्या राजकारणाकडे थोडे पाहिले पाहिजे. 1605 च्या दारूगोळ्याच्या कटानंतर पहिल्या जेम्स राजाने 1606 मध्ये राजनिष्ठेची एक शपथ निर्माण केली. तिचा रोख कॅथलिकांवर होता. पुढे 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, जानेवारी 1661 मध्ये, लंडनमध्ये एका कडव्या पंथाने सशस्त्र उठाव केला, तेव्हा त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेले हजारो क्वेकर पकडले गेले. हा संशय फेडण्याचा एक सोपा मार्ग सरकारने त्यांच्यापुढे ठेवला, तो म्हणजे राजनिष्ठेची शपथ घेणे. आणि नेमकी तीच एक गोष्ट त्यांना करता येण्यासारखी नव्हती. राजाविरुद्ध शस्त्र उचलणार नाही हे ते शपथेवाचून दहा वेळा सांगावयास तयार होते. 1662 मध्ये खास त्यांच्यासाठी कायदा झाला: शपथ नाकारणाऱ्यास पहिल्या अपराधाला पाच पौंडांपर्यंत दंड, दुसऱ्याला दहा पौंडांपर्यंत आणि तिसऱ्याला हद्दपारी. मॅजिस्ट्रेटांच्या हाती हे आयतेच हत्यार आले. आरोप शाबित होत नसला, साक्षीदार फुटला, तरी आरोपीपुढे शपथ ठेवली की काम भागे, कारण तो ती नाकारणार हे ठरलेलेच असे.

1664 साली लँकेस्टरच्या न्यायासनापुढे मार्गारेट फेल आणि जॉर्ज फॉक्स या दोघांचेही खटले चालले. मार्गारेटचा मूळ अपराध एवढाच की तिच्या घरी उपासनेच्या सभा भरत. सभा बंद करण्याचे वचन दिलेस तर शपथ मागणार नाही, असे तिला आधीच सुचवण्यात आले होते. तिने दोन्ही नाकारले. निकाल असा झाला की तिला राजाच्या संरक्षणाबाहेर काढावे, तिची मालमत्ता सरकारजमा करावी आणि राजाची मर्जी असेपर्यंत तिला कैदेत ठेवावे. राजाच्या संरक्षणाबाहेर गेले तरी सर्वसमर्थ देवाच्या संरक्षणाबाहेर गेलेले नाही, अशा अर्थाचे तिचे उत्तर तिच्या पंथात आजवर आठवले जाते. तिची सुटका 1668 मध्ये झाली.

फॉक्सच्या खटल्यातील एक प्रसंग त्याने स्वतःच आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवला आहे. शपथ घेण्यासाठी त्याच्या हाती बायबल देण्यात आले. इंग्रजी रिवाजाप्रमाणे ग्रंथाचे चुंबन घेऊन शपथ उच्चारावयाची. फॉक्सने तो ग्रंथ हाती घेतला आणि न्यायसभेला विचारले की ज्या ग्रंथावर मी शपथ घ्यावी असे तुमचे म्हणणे आहे, त्याच ग्रंथात शपथ मुळीच घेऊ नका असे लिहिले आहे. मी तेच बोललो म्हणून मला तुरुंगात टाकता, मग हे लिहिणारा ग्रंथ मोकळा का ठेवता? ग्रंथ त्याच्या हातून काढून घेण्यात आला. आरोपपत्रातील तारखांच्या आणि शब्दांच्या चुका त्याने इतक्या बारकाईने दाखवून दिल्या की ते आरोपपत्र रद्द करावे लागले; परंतु तो सुटतो न सुटतो तोच न्यायाधीशाने पुन्हा तीच शपथ त्याच्यापुढे ठेवली आणि पुन्हा त्याला कोठडीत धाडले. लँकेस्टर व स्कारबरो येथील किल्ल्यांतील गळक्या, धुराने कोंदलेल्या खोल्यांत त्याने 1666 पर्यंत दिवस काढले. सत्य बोलण्याच्या आग्रहाची इतकी किंमत मोजणारी माणसे इतिहासात फार थोडी आहेत आणि त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी आदराने लवते.

तुरुंगवास हा दिसणारा भाग झाला. शपथेवाचून न्यायालयात साक्ष देता येत नसे, मृत्युपत्र शाबित करता येत नसे, चॅन्सरी कोर्टातील फिर्यादीला जबाब दाखल करता येत नसे. त्यामुळे क्वेकराचे देणे बुडवणाऱ्याला किंवा त्याच्यावर खोटा दिवाणी दावा लावणाऱ्याला मोकळे रान मिळे. विद्यापीठे, सरकारी हुद्दे, शहरांच्या महामंडळांचे सभासदत्व, हे सर्व दरवाजे शपथेच्या कुलपाने बंद होते. उरला तो व्यापार. आणि तेथेही वाणीचा तोच नियम त्यांनी लावला. दहा सांगून सात घ्यावयाचे, ही जगाच्या बाजाराची रीत. पण जो सात घ्यावयास तयार आहे त्याने दहा सांगणे म्हणजे होकार नसताना होकार म्हणणे होय, असे मानून क्वेकर दुकानदार एकच भाव सांगत आणि त्याच भावाने विकत. प्रारंभी लोकांनी त्यांच्या विचित्र बोलण्यावागण्यामुळे त्यांच्याकडे जाणे सोडले होते. पुढे त्यांच्या शब्दाची खात्री पटून गिऱ्हाइके लहान मुलालाही निर्धास्तपणे त्यांच्या दुकानी पाठवू लागली, असे फॉक्स नमूद करतो. बार्कले आणि लॉइड या पेढ्या, फ्राय, कॅडबरी व राउन्ट्री हे चॉकलेटचे कारखाने ही सारी क्वेकर घराण्यांची निर्मिती आहे. त्यांच्या संपत्तीची इतरही कारणे आहेत, पण शब्दाची पत हे त्यांतील पहिले.

त्यांच्या बोलण्यातील ज्या विचित्रपणाचा उल्लेख वर केला, त्याविषयी थोडे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या काळच्या इंग्रजीत बरोबरीच्याला किंवा खालच्याला एकवचनी आणि मोठ्याला अनेकवचनी सर्वनाम लावीत, जसे आपण तू, तुम्ही आणि आपण यांत तारतम्य करतो. एका माणसाला अनेकवचन लावणे ही खुशामत आणि खुशामत म्हणजे असत्य, असे ठरवून क्वेकर राजापासून भिकाऱ्यापर्यंत सर्वांना ‘तू’ म्हणू लागले. 1660 मध्ये फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी अनेक भाषांतील दाखले देऊन या मताच्या समर्थनार्थ एक जाडा ग्रंथही छापला. कोणापुढे टोपी उतरवावयाची नाही, वारांची व महिन्यांची नावे मूर्तिपूजकांच्या देवतांवरून पडलेली म्हणून ‘पहिला वार’, ‘तिसरा महिना’ असे म्हणावयाचे, हेही त्यातच आले. ऑक्सफर्डशरमधील एका मॅजिस्ट्रेटचा तरुण मुलगा टॉमस एलवुड हा क्वेकर होऊन घरी आला आणि डोक्यावरची टोपी न काढता पित्याला ‘तू’ म्हणाला, तेव्हा पित्याने त्याला दोन्ही हातांनी बडवले आणि त्याच्या टोप्या एकामागून एक काढून घेतल्या, त्यामुळे तो सबंध हिवाळा पोराला घरातच काढावा लागला. हाच एलवुड पुढे 1662 मध्ये अंध कवी मिल्टनला लॅटिन ग्रंथ वाचून दाखवीत असे, आणि त्याच वर्षी शपथ नाकारल्याबद्दल न्यूगेटच्या तुरुंगातही गेला.

मला असे वाटते की सर्वांना ‘तू’ म्हणणे आणि शपथ नाकारणे या दोन आचारांत फार मोठे अंतर आहे आणि पंथाच्या इतिहासाने ते सिद्धही केले. बापाला ‘तू’ म्हटल्याने सत्याची जपणूक होते की केवळ बापाचे मन दुखावते, असा प्रश्न विचारण्यास जागा आहे. आपण तर आईला आणि विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो ते प्रेमापोटी, आणि गुरुजींना ‘आपण’ म्हणतो त्यात लबाडी असते असे कोणी म्हणणार नाही. शिवाय अठराव्या शतकात इंग्रजीतून ते एकवचन बहुतेक लोपलेच, आणि उच्चनीचतेविरुद्धचा जो शब्द होता तो केवळ पंथाची खूण होऊन बसला. 1860 च्या सुमारास पंथाच्या लंडन येथील वार्षिक सभेने ही बोली आणि पंथाचा साधा पोशाख ऐच्छिक केला. शपथेचा नकार मात्र कधी सैल झाला नाही, कारण तो ग्रंथातील स्पष्ट आज्ञेवर आणि व्यवहारातील रोजच्या खरेपणावर उभा होता.

विल्यम पेन या क्वेकराने 1675 मध्ये शपथेविषयी विस्तृत प्रबंध लिहून आणि शेकडो जुन्या आधारांचा हवाला देऊन पार्लमेंटकडे दाद मागितली, तरी यश येण्यास आणखी वीस वर्षे लागली. 1696 मध्ये कायदा झाला आणि क्वेकराच्या गंभीर कथनाला शपथेची जागा मिळाली. प्रथम मुदतबंद, मागाहून कायमची. खोटे कथन केल्यास खोट्या शपथेइतकीच शिक्षा ठेवली होती, आणि ही अट त्यांनी आनंदाने मान्य केली. पण त्या कथनाच्या मसुद्यात ‘सर्वसमर्थ देवाच्या समक्ष’ अशा अर्थाचे शब्द होते, आणि तेवढ्यावरून पंथातच फूट पडली. देवाला साक्षी बोलावले की ती शपथच झाली, असे म्हणून अनेकांनी ती सवलत घेण्याचे नाकारले आणि पूर्वीप्रमाणेच नुकसान सोसले. सव्वीस वर्षे ही मंडळी अडून बसली. 1722 च्या कायद्याने देवाचे नाव गाळले आणि केवळ गांभीर्याने, मनापासून व सत्यतेने प्रतिपादन करतो, एवढेच शब्द ठेवले. फौजदारी खटल्यातील साक्ष मात्र 1828 पर्यंत त्यांना बंदच होती. 1698 मध्ये निवडून आलेल्या जॉन आर्चडेल या क्वेकराला शपथेअभावी पार्लमेंटात बसू दिले नव्हते. 1833 मध्ये मात्र जोसेफ पीज हा क्वेकर शपथेवाचून आसनस्थ झाला. पुढे चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिकाने तोच हक्क मागितला तेव्हा त्याला 1880 ते 1886 अशी सहा वर्षे झगडावे लागले. 1888 मध्ये त्याच्याच खटपटीने ही मोकळीक सर्वांना मिळाली. हिंदुस्थानचा कैवारी म्हणून आपल्याकडे गाजलेला हाच ब्रॅडलॉ 1889 च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेसला आला होता.

आपल्याकडेही पूर्वी शपथ हा न्यायाचा कणा होता. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला आणि कागद व साक्षी यांनी निवाडा होईना, म्हणजे पक्षकाराला बेलभंडार उचलावयास लावीत किंवा दिव्य करावयास सांगत. रवादिव्यात कढत तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, हातावर पिशवी बांधून मोहोर करावयाची आणि काही दिवसांनी ती उघडून हात पाहावयाचा. कंपनी सरकारने दिव्ये बंद केली, तरी गंगाजल आणि कुराण यांवरील शपथ चालू ठेवली. तिचा परिणाम विपरीत झाला. गंगाजल हाती घेऊन बोलणे म्हणजे खऱ्यासाठीही पातक आणि नामुष्की, असे मानणारे प्रतिष्ठित गृहस्थ साक्षीलाच येईनात. तेव्हा 1840 च्या पाचव्या कायद्याने, अशा शपथा लोकांच्या सदसद्विवेकाला जाचतात आणि न्यायाच्या आड येतात असे कारण देऊन, हिंदू व मुसलमान साक्षीदारांना शपथेऐवजी गंभीर कथन करण्याची वाट मोकळी केली. इंग्रजी कायद्यात ही वाट क्वेकरांनी पाडून ठेवलेली होती. एवढेच की 1840 च्या मसुद्यात देवाच्या समक्षतेचे तेच शब्द होते, ज्यांच्यावर 1696 मध्ये त्यांच्यातील अनेकांनी आक्षेप घेतला होता.

1873 च्या शपथ कायद्यात एक जुना अवशेष टिकून राहिला. प्रतिपक्षाने अमुक देवळात अमुक शपथ घेऊन सांगितले तर ते मी मान्य करीन, असे एखाद्या पक्षकाराने म्हटल्यास न्यायालय ती शपथ देववू शके आणि मग तो पुरावा म्हणणाऱ्यावर निर्णायकपणे बंधनकारक होई. 1969 च्या अधिनियमाने ही तरतूद वगळली. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, सभासद आणि न्यायाधीश यांच्यासाठी ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत, आणि महाराष्ट्रातील कोणत्याही तहसील कचेरीबाहेर टंकलेखक जे प्रतिज्ञापत्र लिहून देतो त्यात बहुधा ‘सत्यप्रतिज्ञेवर’ हा शब्द येतो. 1969 च्या त्याच अधिनियमात असेही कलम आहे की, साक्षीदाराने शपथ घ्यावयाची किंवा दृढकथन करावयाचे राहून गेले तरी तेवढ्याने त्याची साक्ष रद्द होत नाही आणि खरे बोलण्याची त्याची जबाबदारीही कमी होत नाही.